एका मास्तरांनी मुलांसाठी लिहिलेला इतिहास

१९ सप्टेंबर १९६२ च्या मध्यप्रदेश राजपत्रात एका शालेय पुस्तकावर बंदी घातल्याची अधिसूचना छापून आली. पुस्तकाचे नाव 'भारत : इतिहास और संस्कृति'. याच राज्याने ते आधी शाळांसाठी मंजूर केले होते. लेखक होते गजानन माधव मुक्तिबोध. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते हिंदी शिकवत होते आणि वयाची पंचेचाळिशी अजून पुरी व्हायची होती. घरात मराठी बोलणारा, उज्जैनमध्ये वाढलेला आणि उमेदीची वर्षे माळव्यातल्या शाळांत मास्तरकी करण्यात घालवलेला हा माणूस होता.

विसाव्या शतकातल्या हिंदीच्या सर्वांत मोठ्या कवींत आज मुक्तिबोधांची गणना होते. पण त्या सप्टेंबरात त्यांचा स्वतःचा एकही कवितासंग्रह निघालेला नव्हता. नावावर स्वतंत्र पुस्तके दोनच होती. एक आदल्या वर्षीचे 'कामायनी : एक पुनर्विचार' हे समीक्षेचे पुस्तक आणि दुसरा हा शाळकरी मुलांसाठी लिहिलेला इतिहास. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण बंदीचे हे प्रकरण त्यांच्या आजारपणाच्या आधीची एक दुःखद घटना म्हणून चार ओळींत उरकतात. मला ते त्यांच्या आयुष्याच्या मध्यभागी ठेवावेसे वाटते. कवितेत दुर्बोध म्हणून ज्यांच्यावर ठपका आला, त्यांनी मुलांसाठी सरळ, सोप्या हिंदीत देशाची गोष्ट लिहिली होती. ती शाळेतून काढली गेली तेव्हा त्यांच्यातल्या मास्तराचे काय झाले, हे उज्जैनपासून पाहत आले तरच उमगते.

उज्जैनमधली मराठी वस्ती अठराव्या शतकातली. माळवा मराठ्यांकडे आला तसे राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले. पुढे दौलतरावांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी उज्जैन शिंद्यांचेच राहिले. त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेले गोपाळ मंदिर आजही बाजाराच्या मधोमध उभे आहे. फौजेमागोमाग कारकून आले, वैदिक आले, पुढे मास्तर, वकील, पोलीस अंमलदार आले. मराठी घरात आणि हिंदी-माळवी दारात, अशी या लोकांची दोन-तीन पिढ्यांची रीत होती.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे जळगावकडचे. पणजोबांच्या काळात ते ग्वाल्हेर संस्थानात आले. वडील माधवराव संस्थानच्या पोलिसात होते आणि हात स्वच्छ ठेवून नोकरी करणारे म्हणून त्यांची ख्याती होती. बदल्या सतत होत. गजाननांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. मुलाचे शिक्षण या बदल्यांमुळे तुकड्यातुकड्यांनी झाले. उज्जैनमध्ये १९३० साली मिडलच्या परीक्षेत तो नापास झाला. या एका अपयशाची सल त्यांना पुढे बरीच वर्षे होती.

आई पार्वतीबाई बुंदेलखंडातल्या ईसागढच्या. हिंदी त्यांना जवळची, वाचनाची ओढ दांडगी आणि अन्यायाची चीड त्याहून दांडगी. 'मेरी माँ ने मुझे प्रेमचन्द का भक्त बनाया' हे मुक्तिबोधांच्या एका लेखाचे शीर्षकच आहे. घरकामात पिचलेली ही बाई मुलाच्या हाती प्रेमचंद देते आणि त्यातली माणसे आपल्या आजूबाजूला कुठे दिसतात तेही दाखवते. वाचलेले आजूबाजूच्या जगण्याशी ताडून पाहायला त्यांना प्रथम आईने शिकवले असे मी मानतो. प्रेमचंदांनीच पंडित नेहरूंची इंदिरेला लिहिलेली पत्रे हिंदीत आणली होती, हेही इथे आठवते. पृथ्वी कशी झाली, माणूस शेती कसा करू लागला, राजे कुठून आले, हे दहा वर्षांच्या मुलीला सांगणारे ते पुस्तक. मुलांना इतिहास राजांच्या नावांऐवजी माणसाच्या वाटचालीतून सांगण्याची ती एक नवी रीत होती. तीस वर्षांनी मुक्तिबोध त्याच वाटेने गेले.

धाकटे भाऊ शरच्चंद्र यांचा जन्म १९२१ चा, इंदूरचा. एकाच घरात दोन भाषांचे दोन मोठे लेखक झाले. थोरल्याने हिंदी धरली, धाकट्याने मराठी. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे शरच्चंद्रांचे कवितासंग्रह मराठी नवकवितेच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत. पुढे १९७९ मध्ये 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण उज्जैन समजून घ्यायचे तर त्यांची 'क्षिप्रा' ही १९५४ ची कादंबरी वाचावी. बिशू नावाच्या मुलाच्या घडणीची ती कथा आहे. संस्थानी गावातले अधिकाऱ्याचे मध्यमवर्गीय मराठी घर आणि त्या घरातून बाहेर पाहणारे मूल तिच्यात जितके जवळून दिसते, तितके मराठीत क्वचितच दुसरीकडे दिसेल.

गजानन उज्जैनच्या माधव कॉलेजात इंटर झाले आणि इंदूरच्या होळकर कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. पुढच्या वर्षी त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध शांताबाईंशी प्रेमविवाह केला. वडिलांची इच्छा होती की मुलाने वकील व्हावे. मुलगा मास्तर झाला. बडनगरची मिडल स्कूल, उज्जैनमधली दौलतगंजची शाळा, मग शुजालपूरचे शारदा शिक्षा सदन, पुन्हा उज्जैनला मॉडेल स्कूल, पुढे जबलपूरचे हितकारिणी हायस्कूल. पगार तुटपुंजा, घरात माणसे वाढत चाललेली आणि देणेकरी दाराशी.

या शाळांपैकी शुजालपूरची शाळा वेगळी होती. गांधींच्या शिक्षणविचाराने भारलेली ही लहानशी संस्था माळव्यातल्या तरुण लेखकांचा अड्डा झाली. नेमिचंद्र जैन तिथे आले. ग्वाल्हेरचे मराठीभाषक प्रभाकर माचवे तेव्हा उज्जैनच्या माधव कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते, त्यांचीही उठबस होती. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेला 'तार सप्तक' निघाला. हिंदी कवितेचा प्रवाह बदलणाऱ्या त्या संग्रहात सात कवी होते. मुक्तिबोध, जैन आणि माचवे हे त्यातले तिघे या माळवी गोतावळ्यातले होते आणि संग्रहाची सुरुवात मुक्तिबोधांपासून होते. मार्क्सवादाकडे ते याच वर्षांत वळले. १९४२ ते १९४५ या उज्जैनमधल्या काळात मध्य भारतात प्रगतिशील लेखक संघ उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इंदूरला फॅसिस्टविरोधी लेखकांचे संमेलन भरवण्यासाठीही ते झटले.

मास्तरकीच्या या वर्षांचा त्यांच्या इतिहासलेखनाशी फार जवळचा संबंध आहे. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या. कुणाचा पराभव कोणी केला, कुणाच्या गादीवर कोण बसला. ज्या मुलांना ते शिकवत होते ती शेतकऱ्यांची, विणकरांची, कारकुनांची मुले. पाठ्यपुस्तकात त्यांच्या बापजाद्यांचा मागमूस नव्हता. आणि उज्जैन हे असे गाव की इथे भूतकाळाची पुटेच पुटे आहेत. अवंती महाजनपदाची राजधानी, अशोक तरुणपणी जिथे सुभेदार होता ते ठाणे, कृष्णाने जिथे शिक्षण घेतले असे सांगतात तो सांदीपनी आश्रम, जयसिंहाची वेधशाळा, माळव्याच्या सुलतानांचा कालियादेह महाल, शिंद्यांची देवळे. या सगळ्या थरांचा सांधा जुळवणारा इतिहास मुलांच्या हाती नव्हता. मुक्तिबोधांनी हे गाव मनातून कधी सोडले नाही. पुढे नागपुरात पोटासाठी टोपणनावांनी राजकीय लेख लिहिताना त्यांनी घेतलेली नावे पाहा. एक 'यौगंधरायण', म्हणजे उज्जयिनीच्या राजाने कैद केलेल्या उदयनाला सोडवून आणणारा मंत्री. दुसरे 'अवंतीलाल गुप्त'.

१९४८ च्या सुमारास ते नागपूरला आले आणि तिथे जवळजवळ दहा वर्षे राहिले. आधी सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीवर आणि शेवटी 'नया खून' या साप्ताहिकात. दरम्यान नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम. ए. केले. विदर्भातल्या या वर्षांत मराठी संतपरंपरेचा त्यांनी कसून विचार केला. १९५५ च्या एका निबंधात त्यांनी मांडले की भक्तीची चळवळ खालच्या जातींतून, कष्टकऱ्यांतून उसळली आणि पुढे वरच्या वर्गांनी ती आपल्या चौकटीत बसवून घेतली. नामदेव, तुकारामांची उदाहरणे त्यांच्या डोळ्यासमोर होती. हिंदीतल्या समीक्षेत हा निबंध आजही वादाच्या केंद्रस्थानी असतो. मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल, कारण त्यातली दृष्टी वारकरी मुलखात वावरून आलेली आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. नवा मध्यप्रदेश मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल यांची मोट बांधून झाला. उज्जैन आणि राजनांदगाव आता एकाच राज्यात आली. १९५८ मध्ये मुक्तिबोधांना राजनांदगावच्या नव्या महाविद्यालयात नोकरी मिळाली. महाविद्यालय संस्थानच्या जुन्या राजवाड्यात भरे आणि त्याच आवारात त्यांना राहायला जागा मिळाली. दोन्ही बाजूंना तलाव, राणीसागर आणि बूढासागर. वर जाणारा वळणावळणाचा जिना. आयुष्यात प्रथमच थोडे स्थैर्य आले होते. त्यांच्या सर्वांत मोठ्या कविता इथे पुऱ्या झाल्या, आणि इथेच त्यांनी मुलांसाठी इतिहास लिहायला घेतला.

त्यामागे पैशाचा विचार होता हे लपवायचे कारण नाही. पाठ्यपुस्तके त्या काळी खासगी प्रकाशक काढत आणि सरकारी समिती त्यांतली काही मंजूर करी. मंजुरी मिळाली की हजारो प्रती खपत. कर्जाने गांजलेल्या लेखकाला अशा एका पुस्तकाने उसंत मिळू शकत होती. पण पुस्तक हाती घेतले की पैशासाठी उरकलेले काम कोणते आणि मन घालून केलेले कोणते हे कळते. प्रस्तावनेत लेखक आधीच बजावतो की राजवंश आणि लढाया यांची हकिकत इथे मिळणार नाही. समाज कसा बदलत गेला, विचार कसे बदलले, लोक कसे जगले, हे इथे आहे. आपण काही नवे संशोधन करत नसून विद्वानांनी लिहिलेले एकत्र आणत आहोत, हेही तो साधेपणाने सांगतो. बाहेरून आलेले आणि इथले असे लोक एकमेकांत मिसळत कसे गेले, धर्म समाजातून कसे उगवले आणि समाजाने ते कसे बदलले, असे प्रश्न तो मुलांपुढे ठेवतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा भारतीय इतिहासावरचा पायाभूत ग्रंथ १९५६ मध्ये मुंबईत निघाला होता. मोठ्यांसाठी विद्वानांच्या भाषेत जे चालले होते, ते शाळेच्या बाकावर नेण्याचा हा प्रयत्न होता. त्या काळच्या हिंदी पाठ्यपुस्तकांत असे धाडस दुर्मिळ होते.

आता राज्यातले वारे पाहू. फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपूरला मोठी जातीय दंगल झाली. स्वातंत्र्यानंतर असे काही होणार नाही या समजुतीला त्या दंगलीने तडा गेला. पुढच्याच वर्षी निवडणुका झाल्या. विधानसभेच्या २८८ जागांपैकी काँग्रेसला १४२ मिळाल्या, म्हणजे बहुमताला तीन कमी. जनसंघ ४१ जागांवर गेला. मुख्यमंत्री कैलासनाथ काटजू खुद्द आपल्या जावरा मतदारसंघात जनसंघाच्या लक्ष्मीनारायण पांडे यांच्याकडून हरले. जावरा उज्जैनच्या शेजारचे. भगवंतराव मंडलोई मुख्यमंत्री झाले ते अशा डळमळत्या पायावर. शाळेच्या पुस्तकासाठी मतदार दुखावण्याची त्या सरकारची ऐपतही नव्हती आणि इच्छाही नव्हती, असे माझे मत आहे.

हरिशंकर परसाई हे मुक्तिबोधांचे जबलपूरचे जिवलग मित्र. त्यांच्याच 'वसुधा' मासिकात मुक्तिबोधांच्या डायरीतले लेख येत असत. परसाईंनी या प्रकरणाची हकिकत आपल्या आठवणीत नोंदवली आहे आणि हिंदी समीक्षक तिचाच आधार घेतात. त्यांच्या सांगण्यानुसार ठिणगी पडली ती प्रकाशकांच्या स्पर्धेतून. मंजुरीचे पुस्तक म्हणजे मोठा धंदा. नव्या राज्यात बाजारही एकदम मोठा झाला होता आणि ज्यांना मंजुरी मिळाली नाही ते खवळले होते. त्यांच्या तक्रारीला धार्मिक भावनांचे इंधन मिळाले. जनसंघ आणि तत्सम संघटनांनी सभा घेतल्या, निवेदने दिली. प्राचीन समाज आणि धर्म यांविषयीचे काही परिच्छेद उचलून लेखकाने धर्माचा, पूर्वजांचा अपमान केल्याचा गवगवा केला गेला. पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. लेखक कम्युनिस्ट आहे हा आरोप तर हाताशी होताच.

सरकारने बंदीसाठी दिलेले कारण मला सर्वांत क्लेशकारक वाटते. पुस्तक नीतीला आणि सभ्यतेला धरून नाही, असे ते कारण. ज्या मास्तराने शाळांत मुलांना शिकवण्यात आपली वर्षे वेचली, त्याच्यावर राज्याने मुलांची मने बिघडवल्याचा शिक्का मारला. महिनाभराने, २० ऑक्टोबरला, चीनचे सैन्य सीमा ओलांडून आले. २६ तारखेला आणीबाणी पुकारली गेली. डाव्या विचाराच्या माणसाकडे देशद्रोही म्हणून पाहण्याचे ते दिवस होते. अशा वेळी मुक्तिबोधांच्या बाजूने मोठ्याने बोलायला फार थोडे पुढे आले. लेखकांची ही चुप्पी त्यांना बंदीइतकीच लागली असे परसाईंच्या आठवणी वाचताना जाणवते.

प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९६३ मध्ये निकाल लागला. आक्षेप घेतलेले दहा परिच्छेद काढून टाकले तर पुस्तक पुन्हा छापायला हरकत नाही, असा तो निकाल. वरवर पाहता यात अर्धा विजय दिसतो. प्रत्यक्षात अभ्यासक्रमातून गेलेले पुस्तक परत येत नाही. मुलांसाठी म्हणून लिहिलेले पुस्तक शाळेत नसेल तर ते कुणासाठीच उरत नाही. आणि लेखकाच्या दृष्टीने तर ते दहा परिच्छेद आक्षेपार्ह ठरल्याचे आता न्यायालयाच्या कागदावर आले. पैशाची आशा संपली ते वेगळेच.

मुक्तिबोधांना या सगळ्यात एका लेखकावरच्या अन्यायापलीकडचे काही दिसत होते. मित्रांना ते सांगत की हे पुस्तकापुरते नाही, देशात फॅसिझमची पावले वाजू लागली आहेत. तेव्हा पुष्कळांना ही अतिशयोक्ती वाटली. 'अंधेरे में' ही त्यांची दीर्घ कविता याच वर्षांत आकाराला येत होती. मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते. तिच्यात बँडवाले आहेत, फौजी आहेत आणि त्यांच्यासोबत दिवसा ज्यांना आपण प्रतिष्ठित म्हणून ओळखतो ते लेखक, समीक्षक, उद्योगपती, गावगुंड सगळे चालताहेत. ते पाहणाऱ्याला आता जिवाची भीती आहे, कारण त्याने त्यांना पाहिले. कवितेचे बीज नागपूरच्या दिवसांतले, गिरणी कामगारांवरच्या गोळीबाराच्या आठवणीतले, असे म्हणतात आणि ते पटण्यासारखे आहे. पण तिच्यातली भीती बंदीनंतर अधिक गडद झाली असणार असे मला वाटत राहते.

त्याच १९६३ मध्ये, इथून फार दूर बैरुतला, आणखी एक जुना शाळामास्तर मुलांसाठी लिहीत होता. गस्सान कनफानी. अक्का शहरात जन्मलेल्या या पॅलेस्टिनी लेखकाचे घर १९४८ मध्ये सुटले. दमास्कसमध्ये निर्वासित मुलांच्या शाळेत त्याने शिकवले, मग कुवेतला. त्याची मोठी कादंबरी आणि त्याने आपल्या भाचीला, लमीसला, वाढदिवसासाठी लिहून दिलेली लहानग्या कंदिलाची गोष्ट ही दोन्ही त्याच वर्षीची. १९७२ च्या जुलैत त्याच्या मोटारीत बॉम्ब फुटला आणि लमीसही त्याच्यासोबत गेली. ती १७ वर्षांची होती. दोघांची परिस्थिती सारखी नव्हती, मुक्तिबोधांना देश सोडावा लागला नाही. पण शरणार्थी छावणीतल्या मुलांना शिकवताना कनफानीच्या लक्षात आले होते की पुस्तकातल्या चित्रांचा त्या मुलांच्या आयुष्याशी काही संबंध नाही, आणि तिथून त्याचे लेखन वळले. शुजालपूर-उज्जैनच्या वर्गातून मुक्तिबोधांच्या इतिहासाकडे जाणारी वाट मला याच जातीची दिसते. राजकारणात बुडालेले हे दोघे लेखक मुलांशी बोलताना आपली सर्वांत स्वच्छ भाषा वापरतात.

फेब्रुवारी १९६४ मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघाताचा झटका आला. मित्र धावले. आता मुख्यमंत्री होते द्वारकाप्रसाद मिश्र, स्वतः 'कृष्णायन'कार कवी. त्यांच्या सरकारने भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचारांची व्यवस्था केली. दीड वर्षापूर्वी पुस्तकावर बंदी घालणारे राज्य आता लेखकाच्या औषधाचा खर्च उचलत होते, आणि ते मदत करणाऱ्यांच्या मनापासूनच आले होते. प्रकृती खालावत गेली. हरिवंशराय बच्चन आणि इतर लेखकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींची गाठ घेतली, तेव्हा मुक्तिबोधांना दिल्लीला आयुर्विज्ञान संस्थेत हलवले. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. बरेच आठवडे ते बेशुद्धीत होते. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले, वयाच्या ४६ व्या वर्षी. अंत्ययात्रेत चित्रकार हुसेन होते. इंदूरला वाढलेले हुसेन सांगत की त्या दिवसापासून त्यांनी पायात काही घालणे सोडले.

पुढचा क्रम वेगवान आहे. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाकडून निघाला, कवीने तो पाहिला नाही. 'अंधेरे में' हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात नोव्हेंबरमध्ये आली. दोन-चार वर्षांत मुक्तिबोध नव्या हिंदी कवींचे दैवत झाले. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी सहा खंडांत रचनावली काढली. कीर्तीच्या या लोंढ्यात शाळेचे ते पुस्तक मागे पडले. कवींना कविता हवी होती, आणि इतिहासकारांना एका कवीच्या पाठ्यपुस्तकात रस नव्हता.

मात्र त्या बंदीमागचे प्रश्न शिक्षणात पुढेही राहिले. एका प्रकाशकाने दुसऱ्याविरुद्ध वादळ उठवायचे आणि सरकारने लेखकाचा बळी द्यायचा, हे जिथे घडू शकते त्या मंजुरीच्या पद्धतीबद्दल देशभर असमाधान होते. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणखी काही राज्यांनी पाठ्यपुस्तके आपल्या हाती घेतली. महाराष्ट्रात जानेवारी १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि मध्यप्रदेशात पाठ्यपुस्तक निगम १९६८ मध्ये आले. पुस्तके स्वस्त झाली, मुलांपर्यंत वेळेवर पोचू लागली, हा फायदा खरा. त्याबरोबर एका लेखकाने आपल्या नावावर, आपल्या समजुतीने लिहिलेला इतिहास शाळेत जाण्याची वाट जवळजवळ बंद झाली. वाद मात्र थांबले नाहीत. इतिहासकार रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरचे पाठ्यपुस्तक १९७८ मध्ये केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमातून काढले गेले, तेव्हा आक्षेप जवळजवळ तेच होते. १९६२ मध्ये एका राज्यापुरती वाटलेली गोष्ट आता दिल्लीला पोचली होती.

मध्यप्रदेशातच एक वेगळा धागाही निघाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने माळवा आणि होशंगाबादच्या सरकारी शाळांसाठी सामाजिक शास्त्राची नवी पुस्तके तयार केली. शेतकरी, कारागीर, बाजार, गावचा कारभार यांतून मुलांना इतिहास समजावणारी. १९८५ पासून मुलांसाठी 'चकमक' मासिकही ते काढतात. या मंडळींनी मुक्तिबोधांचे पुस्तक समोर ठेवून काम केले असा दावा मी करत नाही. पण दौलतगंजच्या वर्गात उभ्या असलेल्या त्या मास्तराला ही पुस्तके फार आवडली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

उज्जैनमध्ये आज प्रेमचंदांच्या नावाने सृजनपीठ आहे. राजनांदगावला तलावाकाठच्या त्या वाड्यात मुक्तिबोधांचे स्मारक झाले आहे. आणि बऱ्याच वर्षांनी 'भारत : इतिहास और संस्कृति' राजकमल प्रकाशनाने पुन्हा काढले, त्या दहा परिच्छेदांसह. हिंदी वाचता येणाऱ्या कुणाही मराठी माणसाला ते सहज वाचता येईल. त्यातली काही माहिती आता जुनी झाली आहे, साठ वर्षांतल्या उत्खननांनी आणि संशोधनाने बरेच बदलले आहे. पण आक्षेप घेतलेले परिच्छेद शोधून वाचावेत. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला विचार करायला लावणारी ती साधी, शांत वाक्ये आहेत.